चाकामागचा दगड

१

वारंगा फाट्याजवळच्या हळदीच्या गोदामात सोमेश्वर हमाल मेला तो भर दुपारी, पाच-सहा माणसांच्या डोळ्यांदेखत, आणि तरीही तो कसा मेला हे कोणाला धड सांगता येईना.

गोदामाला धक्का आहे. धक्का म्हणजे ट्रकच्या उंचीचा सिमेंटचा ओटा. ट्रक उलटा येऊन त्याला पाठ लावतो, मधे फळी टाकतात, आणि हमाल हळदीचे कट्टे पाठीवर घेऊन तिच्यावरून जा-ये करतात. बांधणाऱ्यानं काय डोकं चालवलं देव जाणे, पण ट्रक यायची वाट धक्क्याकडेच उतरती केली आहे. ब्रेकवरचा पाय निघाला की गाडी आपसूक धक्क्याच्या दिशेनं घरंगळते.

त्या दिवशी हिरासिंगचा ट्रक उलटा येऊन धक्क्यापासून थोडा अलीकडे थांबला. सोमेश्वर फळी घेऊन मधल्या जागेत उतरला. थांबलेला ट्रक पुन्हा मागे आला. फळी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर काहीच ऐकलं नाही असं प्रत्येकजण सांगतो, आणि ते खोटं आहे.

"चाकामागं दगड हाय म्हून तर म्या पाय काढला!" हिरासिंग ठाण्याच्या साहेबांपुढे छाती पिटून ओरडत होता. पण ट्रकखाली दगड नव्हता. आजूबाजूला नव्हता. आख्ख्या आवारात चाकाला लावण्यासारखा एकही दगड सापडला नाही. साहेबांनी पाहणी केली, ड्रायव्हर खोटारडा ठरवला आणि त्याला कोठडीत टाकलं. राहिलेले जबाब उरकायला व्यंकटराव जमादारांना पाठवून दिलं.

व्यंकटरावांचं पोट सुटलेलं, गुडघे गेलेले, आणि नोकरी संपत आलेली. ठाण्यात त्यांना कोणी हुशार म्हणत नसे. त्यांची एकच खोड होती. प्रत्येक प्रश्न ते दोनदा विचारायचे, एकदा चहाच्या आधी आणि एकदा चहाच्या नंतर. दुसऱ्या वेळी माणसाचा कोणता शब्द बदलतो ते ऐकायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. हे म्हणायचे, येऊ दे कमी.

धक्क्याच्या एका कडेला, भिंतीला टेकून, शेंदूर फासलेला देव होता. वर पत्र्याचं छप्पर, एक घंटा, दोन झेंडूच्या माळा. देव जरा एका अंगाला कलता बसला होता. त्याच्यापुढे सोमेश्वरची आई सुभद्राबाई गुडघ्यात मान घालून बसली होती. ती ह्याच गोदामात सांडलेली हळद झाडायची. पोराचे दिवस अजून व्हायचे होते आणि ती कामावर आली होती. घरात बसून त्या भिंती बघवेनात, म्हणाली.

"जमादार," तिनं मान वर केली. "मला दुसरं काई नको. चाकामागचा दगड कुनी काढला, येवढंच सांगा. माह्या सोमाच्या जिवावर कोन उठलं व्हतं? ज्यानं काढला त्याचे हात झडतील. मी रोज ह्या देवाला त्येच सांगून राहिले."

व्यंकटरावांनी टोपी काढली, वाकून देवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माय, ह्या देवाची आन. शोधल्याबिगर राहत न्हाई आन् तुला सांगितल्याबिगर बी राहत न्हाई."

हाताला शेंदूर लागला. तो त्यांनी कपाळाला लावला. आपण काय करून बसलो, हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

२

पहिला नामाजी मुकादम. हमालांची टोळी त्याची. उन्हात वाळलेला, काटक माणूस.

"नामाजी, चाकामागचा दगड कुठंय?"

नामाजीनं झटक्यात दोन्ही कानांच्या पाळ्या पकडल्या. "राम राम राम! आमच्या धक्क्यावर दगड न्हाई, जमादार."

चहा झाला. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा कानाला हात. "सांगितलं न्हवं, दगड न्हाई म्हून? काहून पुन्यांदा बोलाया लावता?"

व्यंकटराव त्याच्याकडे बघत राहिले. माणूस खोटं बोलताना डोळे चोरतो. नामाजीनं डोळे चोरले नव्हते, देवाकडे लावले होते. बाकीच्या हमालांचीही तीच तऱ्हा. दगड म्हटलं की कोणी हात जोडी, कोणी जीभ चावी, आणि उत्तर एकच, दगड न्हाई.

मग प्रमोद. हा गोदामाचा सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, हातातला मोबाईल सुटत नाही. गावात कुजबुज होती की सोमेश्वरचं आणि त्याचं वाजलं होतं, आणि त्यानंच दगड कुठल्यातरी विहिरीत ढकलला.

"वाजलं व्हतं, खोटं काहून बोलू?" प्रमोद म्हणाला. "सोमेश्वर माह्या मागं लागला व्हता. चाकाला लावायला लोखंडी पाचर आना म्हने, न्हाईतर एक दिवस कोनी तरी जाईल. मी शेठच्या कानावर घातलं. शेठ म्हनले, बघू. ह्यो रोज इचारी, मला रोज तेच सांगावं लागं. एक दिवस मी चिडलो."

"काय म्हणालास?"

"म्हनलो, तुमचा देव हाय की धक्क्यावर! मग भ्या कशाचं?" प्रमोदचा चेहरा उतरला. मोबाईल त्यानं पहिल्यांदाच खिशात टाकला. "मस्करी केली व्हती, जमादार. आता ती मला झोपू देत न्हाई."

चहानंतरही तो हेच बोलला, अक्षर न बदलता. शिवाय ट्रक मागे आला तेव्हा तो ऑफिसात शेठसमोर उभा होता, हे शेठच सांगत होते. ह्या पोराच्या हातून कामचुकारपणा झाला असेल, पण दगड त्यानं काढला नव्हता. व्यंकटरावांनी त्याच्यावर मनातल्या मनात काट मारली.

शेवटी विश्वंभरशेठ, गोदामाचे मालक. पंखा जमादारांकडे वळवला, थंड ताक मागवलं.

"ड्रायव्हरची चूक हाय सरळ सरळ. लिहा आन् मोकळे व्हा. मी कामगारांना लेकरावानी जपतो. धक्क्यावर देव बसला तवा छप्पर म्याच दिलं, घंटा म्याच दिली. रोजचा हार माह्याकडून हाय."

"आन् चाकाला लावायला काय दिलं?"

"त्ये ट्रकवाल्याचं काम," शेठ म्हणाले आणि ताकाचा पेला उचलला.

संध्याकाळी परतताना व्यंकटरावांच्या मनात एक बारीक काटा सलत होता. दगड चोरीला गेला असता तर लोक म्हणाले असते, दगड होता पण गेला. कधी नसताच तर म्हणाले असते, दगड नव्हता. हे सगळे म्हणतात, दगड नाही. होता-नव्हता कोणीच म्हणत नाही. एवढी माणसं एकाच शब्दाला धरून बसली आहेत, तर त्या शब्दातच काहीतरी पुरलेलं आहे.

३

कोठडीत हिरासिंग भिंतीला पाठ लावून बसला होता. गोरेगावकडच्या तांड्यावरचा गडी. उन्हाळाभर हळद ओढायची, मग वर्षभर कापसाच्या गाड्या घेऊन दूर मुलूख फिरायचा, असा त्याचा धंदा. ह्या गोदामात तो मागच्या हंगामानंतर पहिल्यांदाच आला होता.

"हँडब्रेक ढिला हाय माह्या गाडीचा. मालकाला लय वेळा सांगितलं. म्हून तर म्या दगडाची खातरी केल्याबिगर पाय काढत न्हाई. म्या काचंतून मुंडकं भाईर काढून इचारलं, दगड हाय का? सोमा म्हनला, हाय हाय. म्या पाय काढला." तो हुंदका देऊन थांबला. "साहेब, सोमा माह्या भावावानी व्हता. माह्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढाया आल्ता. मी त्याला काहून मारीन?"

व्यंकटरावांनी चहा मागवला. हिरासिंगनं तो दोन्ही हातांनी धरून प्याला.

"आता पुन्हा सांग. पण 'म्या इचारलं' आसं नको. तू काचेतून मुंडकं काढलंस, आन् तोंडातून जो शब्द निघाला, तोच सांग. तसाच."

हिरासिंग गोंधळला. "त्योच तर सांगितला, दगड…" मग थांबला. "न्हाई साहेब. तसं न्हवतो म्हनलो. पोलिसांना कसं सांगावं म्हून मोठ्या साहेबांपुढं दगड म्हनलो. आमी त्याला दगड न्हाई म्हनत."

"मग काय म्हणता?"

"देव."

व्यंकटरावांनी बशी खाली ठेवली.

"मागल्या उन्हाळ्यात माह्याच गाडीचा ब्रेक असाच सुटला व्हता," हिरासिंग सांगू लागला. "सोमा मधीच व्हता. चाकामागं दगड व्हता, त्येच्यावर गाडी अडली. सोम्याच्या पोटाला गाडीचा मागला फाळका लागला आन् थांबला. मी उतरून त्येला मिठी मारली, आन् म्हनलो, सोम्या, ह्यो दगड न्हाई, देव हाय! तवापासून सगळी टोळी त्येला देवच म्हनाया लागली. गाडी लावताना ड्रायव्हरनं इचारायचं, 'देव हाय का?' हमालानं तो चाकामागं सरकवायचा आन् म्हनायचं, 'हाय.' त्या दिशी बी तसंच. मी म्हनलो, देव हाय का? सोमा म्हनला, हाय, हाय."

व्यंकटराव उठले. गुडघे कुरकुरले, पण ते थांबले नाहीत. त्यांना तो भिंतीला टेकलेला, एका अंगाला कलता देव आठवला होता, आणि त्याच्या डोक्यावर ठेवलेला स्वतःचा हात.

४

दुसऱ्या दिवशी ते धक्क्यावर गेले, बूट काढले आणि देवापुढे गुडघे टेकले. सुभद्राबाई आत झाडत होती. हमाल कट्टे टाकून जवळ आले.

पुढून देव शेंदरानं लिंपलेला. मागची बाजू भिंतीकडे होती, तिथं शेंदूर पोचला नव्हता. व्यंकटरावांनी बोटं घालून देव जरासा पुढे ओढला. मागचं अंग उतरतं होतं, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळतं. चाकाखाली सरकवायला कोणीतरी छिन्नीनं घडवल्यासारखं. आणि त्या अंगावर टायरच्या रबराचे काळे पट्टे घासलेले होते.

"नामाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "तू खोटं न्हाई बोललास. दगड न्हाईच इथं. देव हाय. आन् देवाला दगड म्हणलं म्हणून तू कानाला हात लावत होतास. खरं का न्हाई?"

नामाजीनं देवापुढे हात जोडले.

"नवरात्रात बसवला," तो म्हणाला. "देवाला चाकाखाली कोन घालनार, जमादार? कोनाचा हात धजल? मग पाठीमागं काहीच लावत न्हवतो. रोजच्या ड्रायव्हरांना ठावं हाय. त्ये गाडी गियरात टाकल्याबिगर ब्रेक सोडत न्हाईत. 'देव हाय का' इचारायचं राहिलंच, पन नुसतं हात जोडन्यापुरतं. आमी म्हनायचो, 'हाय'. त्येनी बी हात जोडायचे."

"आन् हिरासिंग नवरात्राच्या आधीच दूर गेला होता," व्यंकटराव म्हणाले. "त्याच्या लेखी देव चाकामागं होता. सोमेश्वरच्या लेखी देव भिंतीपाशी होता. एकानं इचारलं, दुसऱ्यानं सवयीनं सांगितलं. दोघं बी खरं बोलले."

एका हमालानं उपरण्यात तोंड लपवलं.

"मग तो निरपराध माणूस कोठडीत सडतोय, आन् तुमी गप बसलात? लाज न्हाई वाटली?"

"वाटती," नामाजीचे डोळे भरून आले. "रोज वाटती. पन सांगितलं आसतं तर तुमी इचारलं आसतं, देव बसवला कुनी."

"कुणी बसवला?"

नामाजीनं गोदामाच्या दाराकडे पाहिलं. आतून केरसुणीचा आवाज येत होता.

"पोरगं वाचलं म्हून तिनं नवस फेडला," तो म्हणाला. "तिनं सोताच्या हातानं उचलून आनला."

५

व्यंकटराव पायरीवर जाऊन बसले. बूटही घातले नाहीत. असं काही सापडेल असं वाटलं असतं तर त्यांनी शपथ घेतली नसती, आजारपणाची रजा टाकली असती. पण तिचा जबाब झाल्याशिवाय हिरासिंग सुटणार नव्हता. आणि न सांगावं, तर ती रोज त्याच देवापुढे बसून स्वतःचेच हात झडावेत म्हणून मागणार होती. ह्यातलं कमी वाईट कोणतं, हे त्यांना अजूनही ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना कळत नव्हती. दगड तिनंच उचलला, मग ती विचारते काय, की दगड कोणी काढला?

सुभद्राबाई बाहेर आली, पदरानं हात पुसत. हाताच्या रेषांत हळद बसलेली होती.

"माय, हा देव तू बसवलास?"

"व्हय," तिच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. "माह्या सोमाला ह्येनंच राखला व्हता."

"मग चाकाला काय लावायचं, ह्याचा इचार केला होतास?"

"केला न्हाई तर! मी येडी हाय का?" ती म्हणाली. "मी शेठकडं गेले. म्हनलं, शेठ, ह्येला मी देव करते, पोरांना चाकासाठी दुसरा आना. शेठ म्हनले, मावशी, दगड कशाला, लोखंडी पाचर आनतो, तू बिनघोर बस तुह्या देवाला. म्हून तर बसवला. त्यो दुसरा कुनी काढला, त्येच तर तुमाला इचारून राहिले!"

आता सगळं जागेवर बसलं. तिच्या हिशेबी देव वेगळा आणि चाकामागचा दगड वेगळा. जो दुसरा आलाच नाही, त्याच्या चोराला ती शाप देत होती.

हमाल मान खाली घालून उभे होते. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. नामाजीकडे पाहिलं.

"दुसरा आलाच न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई, माय."

तिनं स्वतःचे हात समोर धरले आणि पाहत राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मग ती वळली, छपराखाली वाकली, घंटा बाजूला सारली आणि तो शेंदराचा धोंडा पोटाशी धरून उचलला. धक्क्याला एक ट्रक उभा होता. ती पायऱ्या उतरून गेली आणि धोंडा त्याच्या मागच्या चाकाखाली सरकवला.

आरडाओरडा ऐकून विश्वंभरशेठ बाहेर आले होते. "मावशी! आगं देव हाय त्यो!"

"दगड हाय," सुभद्राबाई म्हणाली. "दगडच व्हता. दगड व्हता तवर माह्यं लेकरू जितं व्हतं."

६

व्यंकटरावांनी सगळं लिहून वर दिलं. साहेबांनी ते वाचलं आणि त्यांना समोर बसवलं.

"जमादार, देव होता म्हणून माणूस मेला, असं कागदावर लिहू? उद्या इथं मोर्चा येईल. आणि शेठ म्हणतात, मी कोणाला काही कबूल केलं नव्हतं. प्रमोद काय म्हणतो?"

प्रमोदची नोकरी होती. त्याला काही आठवत नव्हतं. हमालांनी जबाब दिले, पण प्रत्येकानं तेच सांगितलं, की आमच्या धक्क्यावर दगड नाही. सुभद्राबाईनं तेवढा खरा जबाब दिला, आणि पोराच्या दुःखानं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं तिच्या नावापुढे लागलं. हिरासिंगला कसाबसा जामीन झाला. खटला उभाच आहे. त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायला आता कोणी तयार नाही. तो तांड्यावर शेळ्या राखतो म्हणे, आणि कुठं ट्रकचा हॉर्न वाजला की खाली बसतो.

व्यंकटराव एकदा त्या बाजूनं जात होते. पाय आपोआप धक्क्याकडे वळले.

हमालांनी देव धुऊन, नव्यानं शेंदूर लावून, परत भिंतीपाशी बसवला होता. सुभद्राबाईनं तो पुन्हा चाकाखाली नेला. हमालांनी पुन्हा आणला. असं बऱ्याचदा झालं. शेवटी शेठनं खर्च केला. चांगल्या जाड लोखंडाची जाळी करून घेतली, देवाभोवती पक्की बसवली आणि तिला कुलूप घातलं. तेवढ्या लोखंडात किती पाचरी झाल्या असत्या, हा विचार व्यंकटरावांनी करायचा नाही म्हटलं, पण तो आलाच.

जाळीला धरून सुभद्राबाई उभी होती. तिला कोणी तिथून हाकलत नव्हतं, एवढी माणुसकी शिल्लक होती.

एक ट्रक उताराला लागला आणि धक्क्याच्या अलीकडे थांबला. परमुलखातला दिसत होता, पण ड्रायव्हर इथली रीत कोणाकडून तरी शिकला असावा. त्यानं काचेतून डोकं बाहेर काढलं.

"देव हाय का?"

"हाय, हाय!" फळी घेऊन मधे उतरलेला नवा हमाल ओरडला.

"न्हाई!" व्यंकटराव जिवाच्या आकांतानं किंचाळले. "न्हाई! देव न्हाई! देव न्हाई इथं!"

मागे सरकू लागलेला ट्रक गचका खाऊन थांबला. सगळे हमाल वळून त्यांच्याकडे बघू लागले. नामाजीनं जीभ चावली आणि दोन्ही कानांना हात लावले.

"जमादार," तो कळवळून म्हणाला, "आसं वंगाळ बोलू नाय."